कागदाचे मत आणि कलावंताची सही

अमूर्त चित्राला फारसे काही लागत नाही, असा एक समज आहे. जपानी हातकागदाला फार काही लागते, ही वस्तुस्थिती आहे. हा समज आणि ही वस्तुस्थिती एकाच टेबलावर खळीने चिकटवली की वॉशीचे अमूर्त कोलाज तयार होते. वॉशी म्हणजे काही ठरावीक झुडपांच्या अंतरसालीपासून, पाण्यातून एकेक ताव उचलून केलेला जपानी कागद. तो फाडायचा, भिजवायचा, चुरगळायचा, एकावर एक चिकटवायचा आणि त्यातून डोंगर, घर, बाई, बैल यांपैकी काहीही दिसणार नाही याची काळजी घ्यायची, असे या कलेचे थोडक्यात स्वरूप. काळजी घ्यावी लागते, कारण फाटलेल्या कागदाला डोंगर होण्याची फार हौस असते.

या कलेत दोन माणसांचे श्रम असतात. कागद करणारा हजार-बाराशे वर्षांचे नियम पाळतो आणि कलावंत आपण कोणतेही नियम पाळत नाही असे प्रदर्शनाच्या पत्रकात छापतो. पहिल्याच्या चुकीला चूक म्हणतात, दुसऱ्याच्या चुकीला शैली. चित्राखाली सही दुसऱ्याची असते. चित्र निम्म्याहून अधिक पहिल्याचे आहे हे दोघांनाही ठाऊक असते; पण मुलाखत एकाचीच घेतली जाते.

कागद जपानमध्ये जन्मला नाही. तो चीनमधून निघाला आणि कोरियामार्गे तिथे पोचला. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिवृत्तात ६१० साली कोरियातून आलेल्या दोंचो नावाच्या बौद्ध भिक्षूची नोंद आहे. त्याला रंग, कागद आणि शाई करता येत असे. म्हणजे चित्रकाराला लागणारे सगळे सामान एकट्या माणसाने आणले आणि स्वतः चित्र काढल्याची नोंद मात्र मागे ठेवली नाही. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी शोतोकू सम्राज्ञीने दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवून घेतले आणि त्यांत छापील मंत्रांच्या कागदी गुंडाळ्या ठेवल्या. ७६४ साली ठरलेले हे सरकारी काम ७७० पर्यंत पुरे झाले. त्यांतल्या काही गुंडाळ्या आजही वाचता येतात. हातकागदाचे आयुष्य इतके असू शकते, ही गोष्ट कलावंताला दडपण आणणारी आहे. चित्र फसले, तर ते बाराशे वर्षे फसलेले राहू शकते.

वॉशीची मुख्य झुडपे तीन. कोझो हे तुतीच्या कुळातले. याचे तंतू सरासरी सेंटीमीटरभर लांब असतात. नेहमीच्या कागदातल्या लाकडाच्या लगद्याचे तंतू एक ते तीन मिलिमीटरांत आटोपतात. लांब तंतू एकमेकांत गुंतून बसतात, म्हणून कोझोचा कागद पातळ असूनही चिवट असतो आणि फाडणाऱ्याला सहजासहजी दाद देत नाही. दुसरे झुडूप मित्सुमाता. याचा कागद मऊ आणि गुळगुळीत. जपानी चलनी नोटांसाठी एकोणिसाव्या शतकापासून याची साल वापरली जाते आणि अलीकडे त्यातली बरीचशी नेपाळमधून येते. मित्सुमाताचा ताव फाडणारा कलावंत म्हणजे येनच्या नोटेचे सख्खे भावंड फाडणारा माणूस. तावाची किंमत विचारल्यावर हे नाते अधिकच पटते. तिसरे झुडूप गाम्पी. ते लागवडीला जुमानत नाही, त्यामुळे त्याची साल बहुतेक डोंगरात जाऊन आणावी लागते. कागद तलम, चकचकीत, देखणा. पण पाणी लागले की आक्रसतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. स्वभावाने कलावंताच्या सर्वांत जवळचा कागद तोच.

तावाची पूर्वतयारी हिवाळ्यात सुरू होते. पाने गळल्यावर फांद्या तोडतात, वाफवतात, साल सोलतात, वरचा काळा पापुद्रा खरवडून काढतात. उरलेली पांढरी साल राखेच्या पाण्यात किंवा सोड्यात शिजवतात आणि वाहत्या पाण्यात धुतात. बर्फाळ भागांत ती बर्फावर पसरून उन्हात ठेवतात, म्हणजे आणखी उजळते. नंतर तांदूळ निवडावेत तशी ती थंड पाण्याशी बसून निवडायची. एकेक काळा ठिपका, एकेक काडी बोटांनी वेचायची. ठिपका राहिला तर तो थेट कागदात दिसतो. पुढे याच स्वच्छ कागदावर कलावंत शाईचा एक ठिपका टाकतो आणि समीक्षक त्यावर दोन परिच्छेद लिहितो, ही गोष्ट निवडणारीला सहसा कोणी कळवत नाही. निवडलेली साल मोगरीने कुटतात. कुटण्याचा हेतू तंतू तोडण्याचा नसतो, ते सुटे करण्याचा असतो. त्यामुळे रागाच्या भरात कुटलेला लगदा उपयोगी पडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा घटक. तोरोरो-आओई नावाच्या झाडाची मुळे ठेचून त्यांचा बुळबुळीत रस लगदा घातलेल्या टाकीतल्या पाण्यात मिसळतात. हे झाड भेंडीच्या कुळातले. भेंडी चिरताना हाताला लागणाऱ्या ज्या बुळबुळीबद्दल मराठी स्वयंपाकघरात कायमची नाराजी आहे, तिच्यावर जपानी कागदाचा सारा डोलारा उभा आहे. हा रस गोंदाचे काम करत नाही. तो पाणी दाट करतो, त्यामुळे तंतू तळाशी बसत नाहीत, त्यांचे गोळे होत नाहीत आणि चाळणीतून पाणी सावकाश गळते. मिळालेल्या त्या वेळात कारागीर बांबूच्या बारीक काड्यांची चटई बसवलेली चौकट पाण्यात बुडवून उचलतो, मागेपुढे हलवतो, वरचे पाणी झटक्यात फेकून देतो आणि पुन्हा बुडवतो. थरावर थर चढतो. रस उन्हाळ्यात पातळ होऊन निकामी ठरतो, म्हणून उत्तम कागदाचे दिवस म्हणजे कडाक्याच्या थंडीचे. हात बर्फगार पाण्यात आणि नजर थराच्या जाडीवर, अशी ही साधना. ती बघायला येणारे पर्यटक हातमोजे घालून टाळ्या वाजवतात.

ओले ताव एकावर एक रचले जातात आणि हळूहळू दाबून त्यांतले पाणी काढले जाते. ते एकमेकांना चिकटत नाहीत. दुसऱ्या दिवशी एकेक सुटा निघतो. मग फळ्यांवर ब्रशने बसवून ते वाळवतात. फळीकडची बाजू गुळगुळीत होते, ब्रशकडची किंचित खरखरीत. इतक्या ओल्या अंगाने इतके जवळ राहूनही न चिकटणारे हे ताव कलावंताच्या टेबलावर आले की पहिल्या मिनिटातच नको तिथे चिकटतात. हा दोष तावाचा नाही.

२०१४ साली युनेस्कोने जपानी हातकागदाची कारागिरी मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यात शिमाने प्रांतातला सेकिशू-बान्शी, गिफूमधला होन-मिनोशी आणि साइतामामधला होसोकावा-शी हे तीन कागद आहेत. पैकी सेकिशू-बान्शी २००९ पासूनच यादीत होता. कागद हाताला लागतो, वजनावर मोजता येतो, पण वारसा अमूर्त. आणि अमूर्त चित्र मात्र भिंतीवर मूर्तिमंत टांगलेले. फुकुइ प्रांतातल्या एचिझेनमध्ये तर कागदाला देवताही आहे. एका देवीने ओढ्याकाठी येऊन गावकऱ्यांना कागद करायला शिकवले, अशी तिथली आख्यायिका. कावाकामी गोझेन या नावाने तिचे देऊळ आहे आणि उत्सवही होतो. अमूर्त कलेला अशी देवता नाही. तिच्याकडचे नवस क्युरेटर ऐकून घेतो.

आता खरेदी. दुकानात ताव सरळ पडून असतात आणि गिऱ्हाईक वाकडे होऊन पाहत असते. उनर्यू जातीच्या तावात लांब तंतू ढगांच्या रेघांसारखे पसरलेले दिसतात. राकुसुइ जातीत ताव ओला असतानाच त्यावर पाण्याचे थेंब पाडून भोके केलेली असतात, त्यामुळे तो जाळीसारखा दिसतो. तेंगुजो हा सर्वांत तलम. कोची प्रांतात यंत्रावर केलेला तेंगुजो चौरस मीटरला दोन ग्रॅमच्याही आत बसतो. जगभरच्या ग्रंथालयांत, संग्रहालयांत आणि भारतातही जीर्ण हस्तलिखितांच्या दुरुस्तीला जपानी टिश्यू वापरतात तो याच घराण्यातला. दुकानदाराने हा ताव उचलून दाखवला तर गिऱ्हाइकाला आधी दुकानदाराचा हातच दिसतो. कोन्याकू या कंदाची खळ लावून चुरगळलेला मोमिगामी कापडासारखा वागतो. नारा येथील तोदाइजी मंदिरातले भिक्षू दरवर्षीच्या शुनि-ए या विधीत कागदाची वस्त्रे घालतात, इतका भरवशाचा. चियोगामीवर मात्र फुले, पंखे आणि पक्षी छापलेले असतात. अमूर्त चित्रकार त्याच्यापासून लांब राहतो. पक्ष्याचे अर्धे पंख जरी चित्रात आले, तरी प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून फक्त तेवढेच पाहतो.

खरी अडचण खरेदीनंतर येते. कोरा ताव स्वतःच सुंदर असतो. उजेडासमोर धरला की त्यातले तंतू, थरांची दाट-विरळ वीण, कडेची लव असे सगळे दिसू लागते. साध्या कॅन्व्हासवर पहिला फटकारा मारला की कॅन्व्हासची स्थिती सुधारते. वॉशीवर बहुधा उलटे घडते. त्यामुळे या कलेतल्या बहुतेक स्टुडिओंत एक रुंद, उथळ खण असतो आणि त्यात सर्वांत चांगले ताव ‘योग्य वेळी’ वापरण्यासाठी ठेवलेले असतात. योग्य वेळ येत नाही. कलावंताच्या निधनानंतर वारसांना तो खण सापडतो आणि ते त्यातल्या कागदात कपाटाचे कप्पे झाकून घेतात.

तरीही काही धीट माणसांनी हा कागद फाडला, आणि फार लवकर फाडला. क्योतोच्या निशी होंगान्जी मंदिरात छत्तीस कवींच्या रचनांचा एक हस्तलिखित संग्रह आहे. तो सुमारे १११२ सालचा मानतात. त्याची काही पाने रंगीत कागद फाडून, कापून, एकमेकांना जोडून केलेली आहेत. कुठे फाटलेल्या कडा दिसू दिल्या आहेत, कुठे सरळ कापलेल्या, तर कुठे एकाच रंगाच्या फिकट होत जाणाऱ्या छटांचे कागद पायरीपायरीने सरकवून चिकटवले आहेत. त्यावर सोन्याचांदीचा वर्ख आणि त्यावर कविता. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्राकने चित्रात कागद चिकटवला तो १९१२ साली, जवळजवळ आठशे वर्षांनी. कलेच्या इतिहासात मात्र शोधाचे श्रेय ब्राक आणि पिकासो यांनी वाटून घेतले, कारण क्योतोच्या कारागिरांनी जाहीरनामा काढला नव्हता. या संग्रहाची पुढची हकीकतही विषयाला धरून आहे. १९२९ साली एका महिला विद्यालयाच्या उभारणीसाठी निधी हवा होता, तेव्हा दोन खंड सुटे करून त्यांची पाने विकण्यात आली. फाडलेल्या कागदांचे पुस्तक शेवटी पानापानाने वेगळे झाले आणि संग्राहकांच्या भिंतींवर गेले.

युरोपात हान्स आर्प याने १९१६-१७ च्या सुमारास कागदाचे चौकोन योगायोगाच्या नियमाप्रमाणे मांडून कोलाज केले. त्यातले चौकोन संशय यावा इतक्या शिस्तीत पडलेले दिसतात. योगायोगालाही चित्राची चौकट कळत असावी. जपानमध्ये १९५४ साली आशिया या गावी योशिहारा जिरो याच्या पुढाकाराने गुताइ हा कलावंतांचा गट निघाला. या गटातल्या मुराकामी साबुरोने १९५५ साली चौकटींवर ताणलेल्या कागदांतून अंगानिशी आरपार जाऊन भोके पाडली. तो कागद वॉशी नव्हता, बांधाबांधीचा खाकी होता. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण कोझोच्या चांगल्या तावाने त्याला इतकी सहज वाट दिली असती याची खात्री देता येत नाही.

कागदाशी समजुतीने वागणारेही होते. ओन्ची कोशिरो (१८९१–१९५५) याचे १९१५ सालचे ‘आकारुइ तोकी’ हे लाकडी ठशाचे चित्र जपानमधल्या अगदी पहिल्या अमूर्त चित्रांत गणले जाते. पुढे त्याने ठशांसाठी दोऱ्या आणि झाडाची पानेही वापरली. काही चित्रांच्या अगदी मोजक्या प्रती काढल्या, त्यामुळे त्याचे कौतुक करणाऱ्यांची संख्या चित्रे पाहिलेल्यांपेक्षा जास्त राहिली. शिनोदा तोको (१९१३–२०२१) या अक्षरलेखनाकडून अमूर्ताकडे वळल्या. अक्षर पसरत, तुटत, विरत गेले आणि वाचणाऱ्यांची सोय संपली तिथे चित्र सुरू झाले. १९५६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या, गाजल्या आणि दोन वर्षांत परतल्या. तिथल्या कोरड्या हवेत शाई फार लवकर वाळत असे. शंभरी ओलांडल्यावरही त्यांचे काम चालू होते. १०७ व्या वर्षी त्या गेल्या. शाई वाळण्याची घाई ज्यांना मानवत नाही, त्यांना आयुष्यही सावकाश मिळते, असा निष्कर्ष एका उदाहरणावरून काढू नये. पण मोह होतो.

शिल्पकार इसामू नोगुची १९५१ साली गिफूला गेला. तिथले कागदी कंदील पाहून त्याने बांबू आणि वॉशीचे दिवे करायला घेतले आणि त्यांना ‘आकारी’ नाव दिले. हे दिवे म्हणजे अमूर्त शिल्पेच, फक्त आत बल्ब. १९८६ साली व्हेनिस बिएनालेमध्ये अमेरिकेच्या वतीने त्याने ती मांडली, तेव्हा शिल्प कोणते आणि दिवा कोणता हा प्रश्न जाणकारांना पडला. सामान्य माणसाला तो पडत नाही. संध्याकाळ झाली की त्याला उत्तर मिळते. अलिगढला जन्मलेली झरीना हाश्मी (१९३७–२०२०) गणित शिकलेली. १९७४ साली ती तोक्योत तोशी योशिदा यांच्याकडे ठसाचित्रे शिकली. १९९९ सालची तिची ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही छत्तीस ठशांची मालिका कोझो कागदावर आहे. घर, उंबरठा, दार, अंगण यांच्या मोजक्या रेघा आणि सोबत एकेक उर्दू शब्द. तिच्याकडे कागद नुसता पाठीमागे उभा राहत नाही, बोलतो. आणि गणिताची शिस्त असल्याने मुद्द्याचेच बोलतो.

मराठी मुलखाशी या प्रवाहाचा धागा दुरून का होईना जुळतो. नागपूरला जन्मलेले, मूळचे गोव्याकडचे चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) झेन विचाराने भारावलेले होते आणि अमूर्त चित्रात वर्तमानपत्राच्या फाडलेल्या तुकड्यांनी कॅन्व्हासवर रंग दाबत किंवा उचलत. तुकडे चित्रात राहत नसत, त्यांचे काम राहत असे. रद्दीचा इतका महाग उपयोग महाराष्ट्रात दुसरा झालेला नाही.

प्रत्यक्ष कृतीत पहिली पायरी फाडण्याची. कोरडा वॉशी ताकदीने ओढला तर तो भलत्याच दिशेने जातो, कारण तंतूंची धाव बहुतेक एका बाजूला असते आणि कागद तिचेच ऐकतो. जाणकार ओल्या कुंचल्याने तावावर पाण्याची रेघ काढतो, ती मुरेपर्यंत थांबतो आणि दोन्ही हातांनी कागद हलकेच अलग करतो. तंतू तुटत नाहीत, सुटतात. कडेला मऊ लव येते. ही लव शेजारच्या कागदात मिसळून जाते, म्हणून दोन रंगांमधली सीमा कुठे संपते हे सांगता येत नाही. कात्रीने कापलेल्या कडेला हे जमत नाही. नवशिक्याला पाण्याची रेघ काढता येते, पण थांबता येत नाही. त्याच्या चित्रांत म्हणूनच आवेश फार असतो.

दुसरी पायरी चिकटवण्याची. परंपरेने यासाठी गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. दप्तराच्या वह्यांपासून निवडणुकीच्या भित्तिपत्रकांपर्यंत सगळे खळीनेच चिकटवणाऱ्या समाजाला हे नवीन नाही. नवीन आहे ती जपानी धिमेपणाची परिसीमा. गुंडाळीचित्रांना अस्तर लावणारे कारागीर काही कामांसाठी खळ मडक्यात घालून सुमारे दहा वर्षे मुरवतात. दहा वर्षांनी ती जास्त चिकटते असे नाही. ती कमी चिकटते, आणि तेच हवे असते. अस्तर मऊ राहते, गुंडाळताना चित्र मोडत नाही, पुढच्या पिढीला ते पाण्याने सोडवता येते. ज्या कलावंताला संध्याकाळपर्यंत चित्र पूर्ण करायचे असते, तो बाटलीतला कृत्रिम गोंद वापरतो. तो गोंद मात्र कागदाला आपले मत बदलू देत नाही.

तिसरी पायरी थरांची. ओला वॉशी पारदर्शक होतो. खालचा रंग वर येतो, दोन पिवळ्यांमधून तिसरा पिवळा दिसतो, सगळे काही खोल आणि गूढ वाटते. याच क्षणी कलावंत मागे सरकून समाधानाने पाहतो. ओले असताना प्रत्येक चित्र उत्कृष्ट असते. वाळल्यावर पारदर्शकता जाते, रंग फिका होतो आणि खोली पुन्हा कागदाच्या जाडीइतकी होते. रंगवलेला कागद कच्चा असेल तर लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. त्याला आवर घालायचा तर कागदावर आधी सरस आणि तुरटीचे पाणी फिरवतात. ते विसरले तर पत्रकात ‘रंगांचा संवाद’ असे लिहितात. वाळताना कागद आक्रसतो आणि खालच्या पुठ्ठ्याला वाकवतो. पाठीमागून तसाच कागद लावला तर ओढ दोन्ही बाजूंनी समान होऊन पुठ्ठा सरळ राहतो. चित्र असे दोन्ही बाजूंनी करावे लागते, पण पैसे पुढच्याच बाजूचे मिळतात.

योगायोगाला कामाला लावण्याच्या पद्धतीही आहेत. सुमिनागाशीमध्ये स्थिर पाण्यावर शाईचा थेंब टेकवतात, त्याच्या मध्यभागी राळेचा अंश असलेला थेंब टेकवतात, पुन्हा शाई, पुन्हा राळ. शाई वर्तुळावर वर्तुळे करत पसरते. हलकी फुंकर मारली की वर्तुळे वाकतात. मग वॉशी अलगद टेकवून उचलायचा. नक्षी कागदावर येते. ही कला सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हेइआन काळापासून चालत आली आहे. तिच्यात तीच नक्षी दुसऱ्यांदा काढता येत नाही, ही तिची थोरवी. आणि पहिली का बिघडली हेही कोणाला सांगता येत नाही, ही तिची सोय. शिंक आली तर मालिकेतले नवे पर्व सुरू होते.

चित्र पूर्ण केव्हा झाले हे ठरवणे हा या विषयातला सर्वांत कठीण भाग. डोंगर काढणाऱ्याला डोंगर झाला की थांबता येते. अमूर्त चित्रकाराला असा थांबा नाही. आणखी एक तुकडा लावावा की नको या विचारात तो असताना खळ वाळून जाते आणि निर्णय परस्पर लागतो. कागदाचे मत चित्रात येते ते असे. अनुभवी माणसे हे मत लवकर मान्य करतात आणि त्यालाच परिपक्वता म्हणतात.

त्यानंतर वर कोणते आणि खाली कोणते, हा प्रश्न. काही जण चित्र चारी बाजूंनी फिरवून पाहतात आणि जिथे डोंगर सर्वांत कमी दिसतो ती बाजू निवडतात. पाठीमागे बाण काढून ठेवण्याची पद्धत त्यामुळेच पडली. बाण हा अमूर्त चित्रातला एकमेव निःसंदिग्ध आकार. शीर्षकाचेही तसेच. ‘शीर्षकहीन’ हे सर्वांत लोकप्रिय शीर्षक, त्याला क्रमांक जोडून पुष्कळ वर्षे निभावतात. कागद जपानी असल्यामुळे ‘शांतता’, ‘धुके’, ‘शरद’ अशी नावे देण्याची ओढ लागते. ती देऊन चालते, मात्र धुके म्हटले की त्यामागे डोंगर शोधला जातो.

प्रदर्शनात या चित्रांसमोर येणाऱ्या प्रेक्षकांचे ढोबळ प्रकार तीन. पहिला प्रकार चित्राकडे पाहून हे काय आहे असे विचारतो. दुसरा प्रकार हे आमचा मुलगाही करेल असे म्हणतो; तो मुलाला शाळेच्या हस्तकलेच्या तासाला घोटीव कागद देतो, कोझो देत नाही, म्हणून हे विधान तपासले जात नाही. तिसरा प्रकार चित्राच्या इतका जवळ जातो की पहारेकरी खाकरतो. त्याला कागद पाहायचा असतो. कडेची लव, आतले तंतू, एकावर एक बसलेले थर तो पाहतो आणि हा कागद मिळतो कुठे असे विचारतो. कलावंताला हा प्रश्न ऐकून आधी वाईट वाटते, नंतर बरे वाटते, कारण तिघांपैकी याच माणसाने चित्र पाहिलेले असते.

चित्र विकले गेल्यावर त्याची निगा सुरू होते. वॉशी स्वतः टिकाऊ, कारण त्यात आम्ल नसते आणि तंतू लांब असतात. रंग मात्र उन्हात उडतात. म्हणून चित्र खिडकीसमोर लावू नये, काच आणि कागद यांच्यात पट्टी घालून अंतर ठेवावे, ओलसर भिंत टाळावी. दमट हवेत बुरशी येते आणि कसर नावाचा चंदेरी किडा खळीच्या वासाने येतो. त्याला गव्हाचे सत्त्व आवडते, मग ते ब्रेडमध्ये असो की कलेत. त्याने खाल्लेल्या जागा काही संग्राहकांनी मूळ रचनेचा भाग समजून जपल्या, तर त्यांना दोष देता येणार नाही. रचनेत इतर भोकेही असतात.

शेवटी उरतात तुकडे. चांगल्या वॉशीचा नखाएवढा कपटाही कोणी टाकत नाही. जपानमध्ये ही वृत्ती जुनी आहे. नवव्या शतकात सेइवा सम्राटाच्या निधनानंतर त्याच्या एका पत्नीने त्याच्या पत्रांचा लगदा करवून त्यापासून केलेल्या कागदावर बौद्ध सूत्रे लिहवून घेतली, अशी कथा इतिवृत्तांत आहे. अशा पुनर्वापराच्या कागदात जुन्या शाईचा करडेपणा उतरतो. आजच्या काळात इबे क्योको (जन्म १९४१) या कलावंत जुन्या दस्तऐवजांचा लगदा करून त्यातून मोठी अमूर्त चित्रे घडवतात. आधी लिहिलेले सगळे त्यात असते, वाचता मात्र काहीच येत नाही. फसलेल्या कोलाजलाही हाच मार्ग मोकळा आहे. ते पाण्यात भिजत घालावे, खळ सुटू द्यावी, तंतू पुन्हा कुटावेत, टाकीत रस घालून नवा ताव उचलावा. कृत्रिम गोंद वापरला असेल तर हे जमत नाही. मग ते चित्र कायमचे चित्रच राहते.